कोड राहतो, जाणकार जातात

२०१२ सालच्या १ ऑगस्टला सकाळी साडेनऊ वाजता न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडला आणि पुढच्या पाऊण तासात नाइट कॅपिटल या दलाली कंपनीच्या संगणकांनी चाळीस लाखांहून अधिक सौदे करून टाकले. ग्राहकांनी मागितलेल्या सौद्यांपेक्षा ते कितीतरी जास्त होते. कंपनीचं नुकसान झालं ४६ कोटी डॉलरहून अधिक. अमेरिकेच्या बाजार नियामकाने पुढच्या वर्षी या प्रकरणी काढलेला आदेश मी सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या तरुणांना नेहमी वाचायला सांगतो. चूक तांत्रिक होतीच, पण ती घडली माहितीची साखळी तुटल्यामुळे.

नाइटच्या प्रणालीत ‘पॉवर पेग’ नावाचा एक जुना कोड होता. २००३ पासून तो वापरात नव्हता, पण कुणी काढूनही टाकला नव्हता. ऑर्डर पूर्ण झाली की त्याला थांबवणारा भाग २००५ मध्ये दुसरीकडे हलवला गेला, आणि त्यानंतर पॉवर पेगची चाचणी झालीच नाही. सात वर्षांनी नवा कोड लिहिताना त्याच जुन्या सुविधेचा फ्लॅग, म्हणजे ती चालू-बंद करणारी खूण, नव्या कामासाठी घेतला गेला. हा नवा कोड आठ सर्व्हरांवर चढवायचा होता, तो सातांवर चढला. आठव्यावर फ्लॅगचा अर्थ जुनाच राहिला आणि पॉवर पेग जागा झाला. बाजार उघडण्याआधी प्रणालीने त्याच नावाचा उल्लेख असलेल्या ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवल्या होत्या, पण त्या धोक्याची सूचना म्हणून वाचायच्या असतात हे कुणाच्या गावीही नव्हतं. गोंधळ सुरू झाल्यावर टीमने नवा कोडच दोषी धरला आणि बरोबर चाललेल्या सात सर्व्हरांवरून तो काढून टाकला. मग आठही सर्व्हर जुन्या वाटेने धावू लागले.

पॉवर पेग म्हणजे काय, तो कशाने थांबतो, तो फ्लॅग पुन्हा वापरणं का धोक्याचं आहे, हे कधीकाळी कुणाला तरी नीट माहीत होतं. ते माणसाच्या डोक्यात होतं. माणूस दुसऱ्या कामावर गेला, दुसऱ्या कंपनीत गेला किंवा नुसता विसरला, आणि मागे उरल्या फक्त कोडच्या ओळी.

पीटर नाउर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाने हे १९८५ मध्येच लिहून ठेवलं होतं. पुढे ट्युरिंग पुरस्कार मिळालेल्या या माणसाचं म्हणणं असं की प्रोग्राम लिहिणं म्हणजे मुळात त्या प्रश्नाविषयी एक समज उभी करणं, आणि कोड व कागदपत्रं हा त्या समजेचा उरलेला अंश. उदाहरण त्याने एका कंपायलरचं दिलं आहे. तो बांधणाऱ्या गटाने दुसऱ्या गटाला सगळा कोड दिला, सविस्तर टिपणं दिली, वर सल्लाही दिला. तरी दुसऱ्या गटाने सुचवलेले बदल मूळ रचनेच्या विरोधात जात. पहिल्या गटाला ते बघताक्षणी कळे आणि रचनेत सहज बसणारा सोपा उपाय लगेच सुचे. काही वर्षांनी, मूळ मंडळी जवळ नसताना, त्या कंपायलरची रचना जोडकामाखाली निकामी झालेली नाउरला दिसली. म्हणून तो म्हणतो की टीम विखुरली की प्रोग्राम मरतो, मग तो चालू स्थितीत का असेना.

आपल्याकडे याला उत्तर म्हणून ‘केटी’ असते. हिंजवडी असो, खराडी असो की ऐरोली, नोटिस पिरियडचे शेवटचे दिवस नॉलेज ट्रान्सफरसाठी राखलेले असतात. जाणारा स्क्रीन शेअर करून बोलतो, येणारा रेकॉर्डिंग चालू ठेवतो, विकीवर एक पान तयार होतं, व्यवस्थापक यादीत खूण करतो. पण महिनाअखेरीला अमुक जॉब हाताने पुन्हा सुरू करावा लागतो, क्लायंटकडच्या कुणाला आधी फोन करायचा, हे विचित्र दिसणारं फंक्शन कोणत्या जुन्या भांडणातून जन्मलं, हे त्या पानावर नसतं. जाणारा लपवतो असं नाही. विचारल्याशिवाय त्यालाही ते आठवत नाही, आणि काय विचारायचं हे येणाऱ्याला अजून कळलेलं नसतं. प्रश्न पडेपर्यंत उत्तर देणारा पुढच्या कंपनीत रुजू झालेला असतो.

मग ज्ञान टिकतं कुठे? याचा सर्वांत चांगला शोध सॉफ्टवेअरच्या बाहेर लागला, झेरॉक्सच्या यंत्रांभोवती.

ज्युलियन ऑर हा झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रातला मानववंशशास्त्रज्ञ. तो स्वतः आधी तंत्रज्ञ होता. १९८० च्या दशकात तो कॉपियर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर हिंडला, त्यांच्याबरोबर जेवला, त्यांच्या गाडीत बसला. कंपनीने त्यांना जाडजूड मॅन्युअल दिली होती. अमका एरर कोड दिसला तर ही पायरी, मग ती पायरी. यंत्रं मात्र मॅन्युअलप्रमाणे बिघडत नव्हती. अडलेला तंत्रज्ञ सहकाऱ्याला गाठायचा आणि दोघं गोष्टी सांगायला लागायचे. “तसलंच एक यंत्र होतं, कोड हाच दाखवत होतं, पण खरी भानगड निराळीच निघाली.” एका हट्टी यंत्रापुढे तंत्रज्ञ आणि त्याचा वरिष्ठ कित्येक तास असे किस्से जुळवत बसले आणि त्यातूनच त्यांना निदान सापडलं. नाश्त्याच्या टेबलावरच्या ज्या गप्पा व्यवस्थापनाच्या हिशेबात वाया गेलेला वेळ होत्या, त्याच खऱ्या प्रशिक्षणाच्या जागा होत्या. ऑरचं ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ हे पुस्तक १९९६ मध्ये आलं. त्याआधीच, १९९१ मध्ये, त्याच केंद्रातल्या जॉन सीली ब्राउन यांनी पॉल डुगिड यांच्यासह ऑरच्या निरीक्षणांवर एक लेख लिहिला होता. कामाच्या नियमपुस्तकात जे लिहिलेलं असतं आणि काम प्रत्यक्षात जसं होतं, त्यांतली दरी तंत्रज्ञ आपसांतल्या बोलण्याने भरून काढतात, हा त्याचा गाभा.

झेरॉक्सने यातून ‘युरेका’ नावाची प्रणाली उभी केली. ती आधी फ्रान्समध्ये सुरू झाली आणि तिथल्या मिनिटेल या टेलिफोनवर चालणाऱ्या माहितीसेवेवर पसरली. तंत्रज्ञाने सापडलेली युक्ती लिहायची, अनुभवी तंत्रज्ञांनी ती तपासायची, आणि लिहिणाऱ्याच्या नावासकट ती सगळ्यांना खुली व्हायची. युक्तीमागे पैसे द्यावेत असा विचार पुढे आला तेव्हा तंत्रज्ञांनाच तो रुचला नाही. त्यांना युक्तीवर नाव हवं होतं आणि आपल्या जातीच्या कारागिरांची मान हलायला हवी होती. पुढे ब्राझीलमध्ये एक महागडं रंगीत यंत्र बदलायची वेळ आली होती, खर्च सुमारे ४० हजार डॉलर. माँट्रियलच्या एका तंत्रज्ञाची युक्ती सापडली आणि क्षुल्लक किमतीचा एक भाग बदलून यंत्र चालू झालं.

याच्या शेजारी इन्फोसिसचा अनुभव ठेवून पाहण्यासारखा आहे. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या या कंपनीने ज्ञान व्यवस्थापनाचा विचार भारतात फार लवकर केला. कर्मचाऱ्यांनी आपले अनुभव लिहून ठेवण्याचा उपक्रम तिथे १९९० च्या दशकातच होता, पुढे ‘के-शॉप’ हे पोर्टल आलं. २००१ च्या सुमारास लेख लिहिणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला ‘नॉलेज करन्सी युनिट’ मिळू लागले, ज्यांच्या बदल्यात बक्षीस घेता येई. लेखांचा पूर आला. गर्दीत नेमकं हवं ते शोधणं अवघड झालं, तपासणाऱ्यांवर ताण पडला, आणि आकडे दर्जापेक्षा फुगले. कंपनीने हे वेळीच ओळखलं आणि पैशावरचा भर कमी करून मान्यतेवर वाढवला. राघू गरुड आणि अरुण कुमारस्वामी यांनी २००५ मध्ये या प्रयोगाचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. ज्ञानाची मोजदाद करायला निघालेल्या प्रत्येक कंपनीने तो वाचायला हवा.

झेरॉक्सच्या तंत्रज्ञांसारख्या गटांसाठी ‘कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस’ ही संज्ञा जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये रूढ केली. एकच काम करणारी माणसं त्या कामाविषयी सतत बोलत राहतात आणि त्यातून शिकतात, अशी मंडळी. लेव्ह यांनी लायबेरियातल्या शिंप्यांचा अभ्यास केला होता. तिथे उमेदवार आधी काज-बटणं आणि दुमड शिकतो, मग शिवण, आणि कापड बेतणं सर्वांत शेवटी. तयार कपड्यापासून उलट मागे जाणारा हा क्रम फार शहाणपणाचा आहे, कारण चुकलं तरी नुकसान थोडं आणि पहिल्या दिवसापासून संपूर्ण वस्तू डोळ्यांसमोर. नव्या इंजिनियरला बारीकसारीक बग देऊन सुरुवात करायला लावणारी टीम हेच करत असते. फक्त त्याचं टिकिट बंद झालं की तो उस्तादांच्या बोलण्यात बसला पाहिजे, तरच त्या बगचा उपयोग.

आयटीत अशी मंडळी प्रकल्पाच्या भिंती ओलांडून जमावी लागते. स्पॉटिफायमधल्या कामाच्या पद्धतीचं २०१२ मध्ये जे वर्णन प्रसिद्ध झालं, त्यात टीमच्या पलीकडे ‘गिल्ड’ होते. टेस्टिंगचा गिल्ड, वेब तंत्रज्ञानाचा गिल्ड, ज्याला रस असेल त्याने यावं. गूगलच्या साइट रिलायबिलिटी टीमने २०१६ च्या पुस्तकात याहून मोलाची रीत सांगितली आहे. प्रत्येक मोठ्या बिघाडानंतर कुणालाही दोष न देता अहवाल लिहायचा. मग ते अहवाल एकत्र बसून वाचायचे, आणि जुना बिघाड नाटकासारखा पुन्हा उभा करून नव्या माणसाला विचारायचं, आता तू काय करशील? नाइट कॅपिटलमध्ये नेमकं हेच नव्हतं, जुन्या घटनांची सामूहिक आठवण.

दोष न देणं हा यातला कणा आहे. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका इंजिनियरने चुकून मुख्य डेटाबेस पुसायला सुरुवात केली. थांबेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार उरले होते. नेहमीचे बॅकअप गुपचूप फसत होते. सहा तासांपूर्वी त्याच इंजिनियरने दुसऱ्या कामासाठी घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावलं. कंपनीने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, सविस्तर अहवाल काढला, आणि त्यात त्या माणसाचं नाव घातलं नाही. बॅकअप कसा तपासावा हे त्या अहवालातून जगभरच्या टीमना शिकता आलं. त्या माणसाला काढून टाकलं असतं तर पुढच्या वेळी चूक लपवली गेली असती.

आपल्या सेवा कंपन्यांत मोठी अडचण तासांची आहे. क्लायंटला लावता येईल तोच तास कामाचा, या हिशेबात सहकाऱ्याला समजावलेला तास बसत नाही, मग टाइमशीट भरणारा तो चोरून देतो किंवा देत नाही. दुसरी अडचण गुप्ततेची. एका क्लायंटचा कोड दुसऱ्या प्रकल्पात नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण डेटाबेस स्थलांतरात काय काय फसतं, रिलीजच्या रात्री कोणती तपासणी आधी करावी, ही कारागिरी कुणा क्लायंटची नसते. ती बोलायला पंधरवड्यातून एक तास, टाइमशीटमध्ये स्वतःचा कोड असलेला, पुरतो. त्या तासाला प्रेझेंटेशन नको. कुणीतरी नुकताच सोडवलेला प्रश्न घेऊन यावा, आधी काय चुकलं ते सांगावं, आणि खोलीतल्या सर्वांत नव्या माणसाला पहिला प्रश्न विचारू द्यावा. केटीही शेवटच्या पंधरवड्यात सुरू न होता माणूस प्रकल्पावर आल्या दिवशी सुरू व्हावी. दोघांनी मिळून प्रॉडक्शनचे प्रश्न हाताळावेत, आणि “हे असं का?” याचं उत्तर जिथे निर्णय झाला तिथेच, कोडजवळ, दोन ओळींत लिहावं. नव्या करारावर सही करताना व्यवस्थापकाने हा तास क्लायंटकडे उघडपणे मागावा. नाइटचे आकडे त्याच्यापुढे ठेवले, तर किती क्लायंट नाही म्हणतील?