झाड पडले तरी मोहोळ मोडू नका

वळवाच्या वाऱ्यात बांधावरचे जुने जांभळीचे झाड उन्मळून पडते. खोडाच्या ढोलीतून माशा घोंघावत बाहेर येतात. मग कोणी चूड पेटवतो, माशा जळतात, मध पिळला जातो आणि लाकूड सरपणाला लागते. घराला चार दिवस गोडी मिळते. पण काकडी, भोपळा, सूर्यफूल आणि बियाण्यासाठी राखलेला कांदा यांवर फुकट राबणारे हजारो मजूर एका संध्याकाळी नाहीसे होतात. तेच मोहोळ पेटीत भरता येते.

आधी माशी ओळखावी. अंधाऱ्या ढोलीत शेजारी शेजारी अनेक पोळी बांधते ती सातेरी. तीच पेटीत नांदते. उघड्यावर एकच मोठे पोळे लटकवणाऱ्या आग्या माशीच्या वाटेला मात्र जाऊ नये.

दुपार कलल्यावर काम सुरू करावे. तोंडाला जाळी बांधावी, अंगभर कपडे घालावेत. गोवरीचा थंड धूर थोडाथोडा द्यावा, जाळ नको. ढोलीचे तोंड करवतीने व पटाशीने बेताने मोठे करावे. कुऱ्हाडीचे घाव घातले तर पोळी तुटतात आणि माशा चवताळतात.

आता धारदार सुरीने एकेक पोळे कापावे. अंडी व अळ्या असलेले पोळे, म्हणजे पिलाव्याचे पोळे, हेच खरे धन. ते चौकटीत बसवून केळीच्या सोपटाने बांधावे. झाड आडवे पडले असले तरी पोळ्याची वरची बाजू चौकटीतही वरच राहावी. मधाची पोळी वेगळ्या भांड्यात झाकून ठेवावीत. पेटीत मध गळला तर मुंग्या लागतात.

सारा खेळ राणीमाशीचा. ती लांबट असते. ती पेटीत गेली की उरलेल्या माशा आपण होऊन मागे जातात. ती चुकून मेली, तरी पोळ्यात ताजी अंडी असल्यास कामकरी माशा नवी राणी तयार करतात. म्हणून पिलावा कधीही फेकू नये.

पेटी त्याच जागी ठेवावी. अंधार पडून सगळ्या माशा आत आल्या की दार जाळीने बंद करून पेटी सावलीच्या जागी न्यावी आणि तिथे दार उघडावे. रिकाम्या ढोलीला माती लिंपावी, नाहीतर माशा पुन्हा तिकडेच जातील. घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. पहिले काही दिवस संध्याकाळी निम्मे पाणी, निम्मी साखर असा पाक पेटीत ठेवावा. घरच्या लक्ष्मीने एवढे सांभाळले, तर नवे घर सोडून जाण्याची सातेरीची खोड बरीच आवरते.

डंख बसल्यास काटा नखाने खरवडून लगेच काढावा. श्वास लागला किंवा तोंड सुजले, तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठावा. पहिल्या वेळी जाणत्या मधपाळाला सोबत घ्यावे.

महाबळेश्वरला खादी मंडळाचे मध संचालनालय आहे. पुण्यात 1962 पासून मधमाशी संशोधन व प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था आहे. महाबळेश्वरजवळचे मांघर तर 2022 मध्ये 'मधाचे गाव' म्हणून पुढे आले. मध एकदा पिळून संपतो. पेटीतले मोहोळ हंगामामागून हंगाम शेताला पुरते.