एकोणीस मिलिमीटरांचा हिशेब

सायकलीची दोन्ही चाके एकाच मापाची असावीत, हा दंडक आपल्या मनात इतका रुजलेला आहे की, त्यास काही कारण असेल काय, हे विचारण्याचे सहसा कोणास सुचत नाही. परंतु डोंगरउतारावर सायकल घालणाऱ्यास पहिल्याच दिवशी कळून चुकते की, ही दोन चाके दोन वेगळी कामे करीत असतात. उतारावर देहाचा भार पुढे सरकतो, दिशा पुढचे चाक ठरविते, ब्रेकाचा मोठा वाटा तेच उचलते आणि वाटेतल्या प्रत्येक दगडाशी पहिली गाठ त्याचीच पडते. मागच्या चाकाने साखळीचा जोर जमिनीत उतरवावा आणि वळणावर निमूटपणे मागोमाग यावे, एवढेच त्याजकडे मागणे असते. सबब, पुढे २९ इंची आणि मागे साडेसत्तावीस इंची चाक असलेली सायकल स्वतःसाठी घडवून घेण्याचा बेत मी गेल्या हिवाळ्यात केला.

मी राहतो तो कॅलिफोर्नियातील मरिन परगणा म्हणजे डोंगरी सायकलीचे माहेर. येथील फेअरफॅक्स गावावरच्या डोंगरात २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी जुन्या, फुगीर टायरांच्या सायकली घेऊन एका कच्च्या रस्त्यावर शर्यत लावली. रस्ता दोनेक मैलांचा आणि उतार सुमारे १३०० फुटांचा. पायडल उलटे रेटून लागणारा ब्रेक मागच्या हबात असे, आणि खाली पोहोचेतो तो इतका तापे की, आतले वंगण जळून धूर निघे व प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवे वंगण भरावे लागे. त्या भरणीवरूनच रस्त्यास ‘रीपॅक’ हे नाव पडले. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी घडविलेली पहिली सायकल आज स्मिथ्सोनियनच्या संग्रहात आहे. तिची चाके २६ इंची होती; भौतिकशास्त्राने तसा निवाडा दिला होता म्हणून नव्हे, तर फुगीर टायर त्या मापाचे मिळत म्हणून! पुढे २९ इंची आले, साडेसत्तावीस आले, आणि २०१९ साली आंतरराष्ट्रीय सायकल संघाने डोंगरी शर्यतींत असमान चाकांना मुभा दिल्यावर, त्याच वर्षी कॅनडातील माँ-सँत-आन येथे फ्रान्सच्या लोइक ब्रूनी यांनी तसल्याच सायकलीवर उताराच्या शर्यतीचे जगज्जेतेपद मिळविले.

आता मापांची खातरजमा करून घेऊ. २९ इंची म्हणविणाऱ्या चाकात टायर जेथे बसतो तेथील रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर असतो, साडेसत्तावीस इंचीचा ५८४. दोहोंवर सारख्याच जाडीचा, २.४ इंची टायर चढविला तर त्रिज्या अनुक्रमे सुमारे ३७२ आणि ३५३ मिलिमीटर भरतात. वाटेत १० सेंटिमीटर उंचीची दगडी पायरी आली, तर मोठे चाक तिला सुमारे ४३ अंशांच्या कोनातून भिडते आणि लहान चाक ४४ अंशांहून किंचित अधिक कोनातून. अंतर अवघ्या सव्वा अंशाचे आहे, आणि मोठ्या चाकाच्या महतीच्या गोष्टी ऐकताना हा आकडा ध्यानात ठेवलेला बरा. लहान चाक लवकर वेग घेते, हे म्हणणेही तपासून पाहावे: घरंगळणाऱ्या रिमची गतिज ऊर्जा तिच्या वस्तुमानावर आणि वेगावर ठरते, त्रिज्येवर नव्हे, तेव्हा लाभ काय तो रिम सहा टक्के आखूड, म्हणून तितकीच हलकी, एवढाच.

खरा फरक पडतो तो त्रिज्येतील १९ मिलिमीटरांमुळे, आणि तो माझ्या पदरी चुकीतून आला. प्रथम मी जुन्याच २९ इंची सायकलीला मागे लहान चाक लावून पाहिले. मागचा आस १९ मिलिमीटर खाली गेला, त्यामुळे सारी फ्रेम पुढच्या आसाभोवती मागे कलली; पुढचा चिमटा जवळजवळ एक अंशाने अधिक आडवा झाला, बैठकही तितकीच मागे झुकली आणि पायडलांचा आस सुमारे १२ मिलिमीटर जमिनीकडे उतरला. बारा मिलिमीटर म्हणजे करंगळीची रुंदी. परंतु पहिल्याच खडकाळ चढावर उजवे पायडल दगडावर असे आदळले की, मी सायकलीसह आडवा झालो आणि पायडलाच्या पोटावर बोटभर लांबीचा चकचकीत ओरखडा उठला.

म्हणून पोलादी नळ्यांची नवी फ्रेम करविली. कारागिरापाशी आम्ही कागदावर आधी दोन्ही आस मांडले आणि मग पायडलांचा आस मागच्या आसाहून ४३ व पुढच्याहून ६२ मिलिमीटर खाली मुक्रर केला, म्हणजे जमिनीपासून तो ३१० मिलिमीटरांवर येतो. चाके मात्र मी स्वतः बांधली. बत्तीस तारा हबातून ओवून, प्रत्येक तार तीन तारांना ओलांडून रिमपर्यंत न्यायची आणि तारेच्या टोकाचे निपल थोडे थोडे पिळीत चाकाचा आऊट, म्हणजे डुलणे, काढायचा. या कामात डोळ्यांपेक्षा कान उपयोगी पडतात, कारण नखाने छेडल्यावर एका बाजूच्या सर्व तारा एकाच स्वरात बोलू लागल्या की ताण सारखा झाला असे समजावे. चाक तारांवर उभे नसते, ते ताणावर उभे असते: भार पडला की खालच्या तारांचा ताण थोडा उतरतो, इतकेच.

चाचणीसाठी रीपॅकहून उचित वाट दुसरी कोणती? तिच्या माथ्याकडे नेणाऱ्या पाइन माउंटनच्या चढावर, जेथे सर्पेन्टाइनचे हिरवट, गुळगुळीत दगड रस्त्यातून वर आलेले आहेत तेथे, लहान मागचे चाक प्रत्येक फेऱ्यात बारा सेंटिमीटर कमी अंतर कापते, त्यामुळे तोच गिअर पायांना हलका लागला. उतारावर ताशी १५ मैलांची मर्यादा आहे आणि वाटेत घोडेस्वार व पादचारीही असतात, तेव्हा मी पाव तास घेतला. पुढचे चाक पायऱ्यांवरून सहज चढे, आणि तीच पायरी मागच्या चाकाला लागली की पावलांना ठोका जाणवे. तो सव्वा अंश काय तो इथे भेटला. परंतु तीव्र उतारावर देह मागे टेकवताना टायर मांडीला घासला नाही, कारण त्याचा माथा ३८ मिलिमीटर खाली होता. आणि आखूड वळणावर मागचा भाग असा वळून आला की, मी एका वळणावरून पुन्हा वर चढून ते दुसऱ्यांदा घेतले.

खाली ओढ्याच्या काठी थांबून मी पायडल उलटे करून पाहिले. जुनाच ओरखडा होता, नवा एकही नव्हता. मग चाक हळू फिरवीत तारा छेडल्या; मागच्या चाकाची एक तार बद्द बोलली. खिशातील चावीने तिचे निपल पाव फेरा आवळले, आणि ती शेजारणीच्या स्वरात आली.