लोखंडी पाने, आपट्याची पाने

आज आश्विन शुद्ध नवमी, म्हणजेच खंडेनवमी. खंडा म्हणजे तलवार. जेजुरीस दसऱ्याच्या उत्सवात सुमारे ४२ किलो वजनाचा खंडा तोलून धरण्याची परंपरा आजही चालत आलेली आहे. परंतु ज्यांच्या घरी तलवार नाही, त्यांच्याही घरी आज पूजा असते. शेतकरी नांगर आणि विळे-कोयते धुऊन मांडतो, सुतार करवत आणि रंधा पुसून ठेवतो, लोहाराच्या ऐरणीला आज घाव सोसावा लागत नाही. ज्या साधनाने घरची चूल पेटते, त्या साधनापुढे वर्षातून एकदा हात जोडावेत, हा आपल्या धर्माने घालून दिलेला किती सुंदर संस्कार आहे!

आमच्या अंगणात आज पूजा मांडली आहे ती एका जुन्या मालमोटारीची. तिच्यापुढे पाटावर लाल वस्त्र अंथरले आहे आणि त्यावर पाने, पक्कड, हातोडी, टॉमी, ग्रीसगन आणि जॅक अशी तिची सारी आयुधे ओळीने ठेवली आहेत. झेंडूच्या माळांनी सजलेल्या अशा गाड्या आज वाचकांना रस्तोरस्ती दिसतील. मात्र त्या माळा पडण्यापूर्वीचे पंधरा-वीस दिवस कसे जातात, हे गाडीवाल्याच्या घरालाच ठाऊक. जुनी गाडी घरी दुरुस्त करताना माणसाच्या मनाची जी परीक्षा होते, तिच्यातून या सणाचा अर्थ यंदा आम्हांला थोडा अधिक उमगला. तोच येथे सांगावयाचा आहे.

आजोबांची ठेव

जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यात १९५४ साली जर्मनीच्या डायम्लर-बेन्झ कंपनीच्या सहकार्याने मालमोटारी तयार होऊ लागल्या. तो करार १९६९ साली संपला. पण तोवर ही विद्या आपल्याकडे रुजली होती. १९७७ पासून पुण्याच्या कारखान्यातूनही मालमोटारी बाहेर पडू लागल्या. त्या पिढीतील सहा सिलिंडरांची एक गाडी आमच्या आजोबांनी १९८४ साली कर्ज काढून घेतली. सांगलीच्या बाजारपेठेची हळद, कोल्हापूरचा गूळ आणि हंगामात साखर कारखान्याचा ऊस असे नाना तऱ्हेचे ओझे तिने वाहिले. तिच्याच मिळकतीवर दोन आत्यांची लग्ने झाली, विहीर बांधली गेली आणि आम्हां भावंडांची शिक्षणे झाली.

बारा वर्षे पूर्ण होताच नियमाप्रमाणे तिचा राष्ट्रीय परवाना गेला आणि लांबचे रस्ते तिला बंद झाले. पुढे ती जवळपासचा माल आणि ऊस एवढेच वाहू लागली. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून केंद्राच्या नियमांनुसार पंधरा वर्षांवरील अवजड वाहनांसाठी त्याचे शुल्कही पुष्कळ वाढले. तरीही उसाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, भाद्रपदाच्या वद्य पक्षात तिला अंगणात उभी करून सारी दुरुस्ती घरीच करावयाची, हा शिरस्ता आमचे वडील अण्णा आणि धाकटे बंधू यांनी सोडला नाही.

पितृपक्षातला पेच

या शिरस्त्यात पहिली अडचण येते ती धर्माची. वद्य पक्ष म्हणजे पितृपक्ष; त्यात नवी वस्तू खरेदी करू नये, असा आमच्या घरचा रिवाज. मग गाडीचे पॅकिंग, नळ्या, बेअरिंगे आणावयाची की नाहीत? पहिल्या वर्षी हा प्रश्न निघाला तेव्हा आजीने एका वाक्यात निकाल दिला होता. ती म्हणाली, “घरातलं म्हातारं माणूस आजारी पडलं, तर पितृपक्ष आहे म्हणून औषध आणायचं थांबता का?” तेव्हापासून या पंधरवड्यात आमच्याकडे गाडीची ‘औषधे’ येतात. आजोबा गेल्यावर तर त्यांच्या तिथीला त्यांच्याच गाडीखाली कोणीतरी तेलकट हातांनी पडलेले असते, आणि हेही एक तर्पणच आहे, असे आम्हांला वाटू लागले.

हट्टी लोखंड

पण भावना कितीही उदात्त असली, तरी गंजलेल्या बोल्टला तिचे काय! चाळीस वर्षांच्या लोखंडाला स्वतःचा एक स्वभाव असतो. रात्रभर रॉकेल पाजलेला बोल्ट सकाळी ढिम्म हलत नाही आणि थोडा अधिक जोर लावताच मान मोडून घेतो. मग अर्ध्या तासाच्या कामाचा सारा दिवस होतो; मोडका तुकडा छिद्रातून काढण्यातच दिवेलागण होते.

यंदा पुतण्याने चाकाचे नट खोलावयास घेतले. उजव्या बाजूचे सुटले. डाव्या बाजूचे मात्र तो जितका जोर लावी तितके अधिकच आवळले जात. पाऊण तासाने अण्णांच्या लक्षात आले. या जुन्या गाड्यांच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. चाक फिरता फिरता नट सैल होऊ नयेत, म्हणून केलेली ती योजना आहे. अण्णा एवढेच म्हणाले, “बाळ, जोर पुष्कळ आहे तुझ्यात. दिशा विचारून घ्यावी.” पोर ओशाळले, पण ते वाक्य आम्हां वडीलधाऱ्यांनाही लागल्यावाचून राहिले नाही.

सुट्या भागांची तऱ्हा आणखी निराळी. दुकानदार “हुबेहूब तोच” म्हणून कमानीचा पाटा देतो. घरी आणून लावावा तर मधले छिद्र दोन सूत बाजूला! परत न्यावा तर एक दिवस आणि एस. टी.चे भाडे वाया. जुन्या गाडीचे भाग शोधणे म्हणजे दुरावलेले नातेवाईक शोधण्यासारखे असते. कोणा भंगारवाल्याकडे, कोणा बंद पडलेल्या गॅरेजात ते असतात. पण पत्ता सांगणारे माणूस भेटावे लागते.

न दिसणारी गळती

यंदा खरी कसोटी पाहिली ती इंजिनाने. संध्याकाळी चालू केले की चाले. रात्री उभे राहिले की सकाळी मेल्यासारखे. चालू झालेच, तर दोन मिनिटांत धापा टाकून बंद पडे. डिझेलच्या वाटेत हवा शिरत आहे, हे उघड होते. हवा काढण्याचा विधी जुन्या चालकांना पाठ असतो. हवा सोडण्याचा स्क्रू ढिला करावा, हातपंप मारीत राहावे, प्रथम फेस येतो. फेस संपून निर्मळ डिझेलची धार लागली की स्क्रू आवळावा. बंधूंनी हे दिवसातून दहा वेळा केले. हाताला फोड आले. पण हवा शिरते कोठून, ते सापडेना. कारण बाहेर डिझेलचा एक थेंबही दिसत नव्हता.

तिसऱ्या दिवशी, सर्वपित्री अमावस्येला, त्यांचा धीर सुटला. त्यांनी हातातला पाना अंगणाच्या फरशीवर फेकला आणि ते ओसरीवर जाऊन बसले. घरात शांतता पसरली. आईने तो पाना उचलला, पदराने पुसला आणि कपाळाला लावला. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “नवमीला याला कुंकू लावणार ना? मग आज फेकायचा कसा?”

कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने बंधू उठले आणि टाकीपासून पंपापर्यंतची नळी इंचाइंचाने तपासू लागले. टाकीकडून पंपाकडे डिझेल खेचले जाते. त्या वाटेत फट असली, तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. म्हणून गळती दिसत नाही. शेवटी दोष सापडला तो एका सांध्यातील तांब्याच्या चपट्या कडीत. कितीदा तरी आवळून ती कडक झाली होती. सांध्याला नीट बिलगत नव्हती. अमावस्येच्या दिवशी दुकान बंद. तेव्हा आईच्याच चुलीत ती लालबुंद तापवून अण्णांनी पाण्यात सोडली. पोलाद असे विझवले तर कठीण होते. तांबे मात्र मऊ होते. मऊ झालेली कडी सांध्यात बसली आणि घटस्थापनेच्या पहाटे इंजिन पहिल्या फेऱ्यात गरजले.

माणसाच्या रागाचेही असेच आहे काय? तो आत शिरतो तेव्हा बाहेर थेंबही दिसत नाही. दिसते ते एवढेच, की चालता चालता माणूस बंद पडतो.

शमीवरची आयुधे

विजयादशमीला आपण शमीचे पूजन करतो आणि पांडवांची कथा सांगतो. अज्ञातवासाला विराटनगरीत शिरण्यापूर्वी त्यांनी आपली शस्त्रे शमीच्या झाडावर लपवली आणि वर्ष सरल्यावर अर्जुनाने उत्तराकरवी ती खाली काढविली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. महाभारताच्या विराटपर्वातील एक बारीक तपशील मात्र आपल्या नजरेतून सुटतो. शस्त्रे झाडावर ठेवण्यापूर्वी पांडवांनी धनुष्यांच्या प्रत्यंचा उतरवल्या. आणि नकुलाने झाडावर चढून, फांद्यांच्या ज्या बळकट जागी पावसाची झड पोहोचणार नाही, अशा जागा पाहून ती घट्ट बांधली.

ताण उतरवणे, पावसापासून जपणे, पक्के बांधणे ही देखभालच नव्हे काय? वर्षभराने गांडीव हाती येताच कामाला आले, त्यामागे ही काळजी होती. पूजा केवळ हळदकुंकवाने होत नाही. वर्षभराच्या निगेवर नवमीचे कुंकू हा केवळ शेवटचा टिळा असतो, हे व्यासमहर्षी किती सहजपणे सांगून गेले!

धृती आणि हट्ट

इंजिन गरजले आणि घरात दिवाळीच आली. पण तो आनंद दोनच दिवस टिकला. ललितापंचमीच्या आदल्या संध्याकाळी अण्णा दिवा घेऊन गाडीखाली गेले. जॅकवर विसंबून गाडीखाली कधी जाऊ नये, दोन्ही बाजूंस लाकडी ठोकळे लावूनच जावे, हा त्यांचा कडक नियम. ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मागच्या कमानीच्या आधाराजवळ, चासीच्या लांब पट्टीवर, रंगाखालून गंजाची एक केसाएवढी तांबूस रेघ त्यांना दिसली होती. तो तडा होता. तेथेच पूर्वी दोनदा वेल्डिंग झाले होते. आता जुन्या जोडाच्या शेजारी लोखंड पुन्हा फाटले होते.

शेजारच्या अनुभवी मंडळींनी सल्ला दिला, की आणखी एक वेल्डिंग मारा, वर काळा रंग द्या; तपासणीत कोणाला कळणार नाही, एवढा हंगाम निघून जाईल. बंधूंचा हंगाम त्याच गाडीवर अवलंबून होता. मुलांच्या फीचे पैसेही त्यातूनच यावयाचे. त्या रात्री ओसरीवर पुष्कळ वादावादी झाली. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी धृतीचे तीन प्रकार सांगितले आहेत. मन, प्राण आणि इंद्रिये यांना आवरून धरते ती सात्त्विक. फळाच्या आशेने चिकटून राहते ती राजस. आणि भय, शोक, विषाद यांना जी सोडीत नाही ती तामस. धरून ठेवणे हा नेहमीच गुण नसतो. काय धरावे आणि काय सोडावे, हे कळणे म्हणजे धैर्य.

अखेर अण्णा म्हणाले, “पूजा आपल्या अंगणातली आहे, रस्ता सगळ्यांचा आहे. उसाने भरलेली गाडी उतारावर मोडली, तर खाली कोणाची पोरं असतील?”

बंधू काही वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “अण्णा, तुम्ही म्हणाल तसं.”

यंदा आमची गाडी उसाला जाणार नाही. बंधू या हंगामात दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून जातील. दिवाळीनंतर, २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणी झालेल्या केंद्रात ती रीतसर मोडीत काढली जाईल. मग तिच्यासाठी केलेले श्रम वाया गेले काय? आम्हांला तसे वाटत नाही. चालू इंजिनानिशी, धुतलेल्या अंगाने, स्वच्छ आयुधांसह तिला निरोप मिळत आहे. आणि तो तडा दिसला, तोही गाडीखाली जाण्याचा कंटाळा न केल्यामुळेच.

उद्या विजयादशमी. रघुराजाने कौत्साला चौदा कोटी सुवर्णमुद्रा दिल्या, त्या कथेच्या स्मरणार्थ आपण आपट्याची पाने सोने म्हणून लुटतो. दरवर्षी सीमोल्लंघनाला आमची मालमोटार वेशीपर्यंत जात असे. उद्या ती अंगणातच राहील. आम्ही सारे पायी जाऊ. परतताना आपट्याचे पहिले सोने तिच्या बॉनेटवर ठेवू आणि मगच वडीलधाऱ्यांच्या पाया पडू.

तिचे लोखंडी पाने मात्र घरातच राहतील. आईने पुसून कपाळाला लावलेला तो पाना आज पाटाच्या मध्यभागी आहे. त्याला कुंकू बंधूंनीच लावले.