बर्मिंगहॅमची घंटा आणि विलंबित लय

ब्लॅक सबाथ या मेटल बँडचा गायक ऑझी ऑस्बर्न २०२५च्या २२ जुलैला गेला. त्याआधी, ५ जुलैला, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर तो बसून गायला आणि ब्लॅक सबाथचे मूळचे चौघे शेवटचे एकत्र वाजले. नंतर आलेले मृत्युलेख मी झाडून वाचले. मंचावर चावलेलं वटवाघूळ, व्यसनं, टीव्हीवरचं कुटुंब, सगळं त्यांत होतं. संगीताबद्दल ओळ-दोन ओळी. आणि ज्यांना मेटलला प्रतिष्ठा मिळवून द्यायची होती, त्यांचं ठरलेलं पालुपद: हे लोक बाख आणि पागानिनीचे वारसदार आहेत, बघा किती वेगात वाजवतात! हे पालुपद मी गेली कित्येक वर्षं खोडत आलो आहे आणि इथेही खोडणार आहे. मेटलचं अभिजात संगीताशी नातं आहे, रक्ताचं म्हणावं इतकं जवळचं आहे, पण ते बोटांच्या वेगात नाही. ते संथ लयीत आहे, खर्जात आहे, एकच वाक्य पुन्हापुन्हा वाजवून त्याच्यावर इमारत चढवण्यात आहे.

वेगवाल्यांचा इतिहास आधी उरकून घेतो. डीप पर्पलच्या जॉन लॉर्डने १९६९च्या सप्टेंबरात रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बँड आणि रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा एकत्र बसवला, माल्कम अर्नल्डसारखा संगीतकार संचालनाला होता. त्याच बँडच्या रिची ब्लॅकमोरने १९७२च्या ‘हायवे स्टार’मध्ये बाखच्या वळणाचा सोलो वाजवला. ऑझीचा गिटारवादक रँडी ऱ्होड्स दौऱ्यावर असतानाही क्लासिकल गिटारचे धडे घेत राहिला. १९८२मध्ये, पंचविशीतच, विमान अपघातात गेला. तो जगता तर कुठे पोचता याची हळहळ मला आजही वाटते. मग १९८४मध्ये स्वीडनचा गिटारवादक इंग्वे माल्मस्टीन आला आणि हार्मोनिक मायनरच्या सरळ-उलट्या तानांचा महापूर सुटला. त्याची तयारी निर्विवाद आहे. पण आपल्याकडे नुसत्या तयारीच्या तानांना जाणकार किती किंमत देतात? राग उभा राहिला का, असं विचारतात. तोच प्रश्न इथे विचारला की फार थोडं शिल्लक राहतं. पागानिनीच्या कॅप्रिसमधली चपळाई उचलली, त्या चपळाईखालची बांधणी तिथेच राहिली.

ऑर्केस्ट्रा भाड्याने घेऊन केलेल्या अल्बमांबद्दल तर एवढंच म्हणतो की मेटालिका आणि सान फ्रान्सिस्को सिम्फनी यांच्या १९९९च्या मैफलीपासून पुढे बहुतेक ठिकाणी व्हायोलिनं मागे सूर धरून बसलेली असतात आणि गाणी होती तशीच राहतात. फिनलंडच्या अपोकॅलिप्टिकाने १९९६मध्ये मेटालिकाची गाणी चार चेलोंवर वाजवली, तेवढा प्रयोग मात्र मनापासून आवडला, कारण चेलोच्या खर्जात त्या गाण्यांचा सांगाडा स्वच्छ दिसतो.

आता बर्मिंगहॅम. कारखान्यांचं गाव म्हणून हे शहर ओळखलं जातं, पण याच शहराच्या टाउन हॉलमध्ये १८४६ साली मेंडेल्सोनच्या ‘एलायजा’चा पहिला प्रयोग झाला आणि १९०० साली एल्गरच्या ‘ड्रीम ऑफ जेराँशस’चा. समूहगानाची थोर परंपरा या गावात होती. तिचा पुढे ब्लॅक सबाथ झालेल्या, ॲस्टन भागातल्या कामगारांच्या पोरांना थेट लाभ झाला असेल असं नाही. ती पोरं जर्मन बाँबफेकीने पडलेल्या घरांच्या मोकळ्या जागांत खेळत मोठी झाली. त्यांतला गिटारवादक टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात होता. नोकरीच्या अखेरच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताची मधली आणि तिच्याशेजारची अशा दोन बोटांची टोकं तुटली. डावखुरा असल्याने हाच त्याचा तारा दाबायचा हात. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, पातळ तारा लावल्या, आणि पुढे १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’मधल्या काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. आपल्या पेटीवर त्या पट्टीला काळी एक म्हणतात. ताण कमी झाल्यामुळे तारा बोटांना सोसू लागल्या आणि आवाज जमिनीला टेकला. जगभर आज जी हजारो माणसं सैल तारांवर जड वाजवतात, त्यांच्या आवाजाचा उगम या दुखऱ्या बोटांत आहे.

सबाथच्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं, जे बँडच्याच नावाचं आहे, ते एकदा कान देऊन ऐका. १३ फेब्रुवारी १९७० रोजी हा अल्बम आला. आधी पाऊस, मग दुरून घंटा. मग गिटारवर तीनच स्वर: खालचा सा, वरचा सा, आणि तिथून उतरून तीव्र मध्यम. षड्ज पांढरी पाचचा. हे तीन स्वर पूर्ण जोरात येतात, आणि ऑझी गायला लागला की सगळा बँड एकदम मागे सरतो. आयोमी तोच तीव्र मध्यम हळू आवाजात थरथरवत ठेवतो, बिल वॉर्ड ढोलांवर मोकळ्या जागा भरतो. पुन्हा तेच जोरकस तीन स्वर, पुन्हा माघार. सव्वासहा मिनिटांच्या गाण्यात अखेरच्या टप्प्यापर्यंत लय हलत नाही आणि मग अचानक दौडू लागते. बडा ख्याल संपून छोटा ख्याल सुरू व्हावा तशी ती दौड आहे, आधी केलेल्या संथ कामामुळेच ती अंगावर येते.

या तीव्र मध्यमाबद्दल एक दंतकथा दर दोन वर्षांनी कोणीतरी नव्याने छापतं: मध्ययुगात चर्चने या अंतरावर बंदी घातली होती म्हणे. असा बंदीचा पुरावा नाही. शास्त्रकार ते अंतर टाळायला सांगत, त्याला सैतानाचं नाव जोडलेलं सापडतं ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या ग्रंथांत. मुळात स्वर-अंतर स्वतः दुष्ट नसतं. यमनात सा आणि तीव्र मध्यम रोज संध्याकाळी घराघरात भेटतात आणि कोणाला भीती वाटत नाही, कारण गंधार, पंचम आणि निषाद त्याला आधार देतात. सबाथने हे आधार काढून घेतले. भीती त्या रिकाम्या जागेची आहे.

हा स्वर आला कुठून, याची नोंद आहे. बेस वाजवणारा गीझर बटलर तालमीत होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’मधला युद्धदेव मंगळ वाजवत होता, त्यातून आयोमीला ती तीन स्वरांची ओळ सुचली. माझ्या मनात मात्र याच्या शेजारी कायम दुसरी एक रचना उभी राहते. बर्मिंगहॅमच्या जवळच असलेलं कॉव्हेंट्री, १९४०च्या नोव्हेंबरात बाँबफेकीत उद्ध्वस्त झालेलं. तिथल्या नव्या कॅथीड्रलच्या उद्घाटनासाठी बेंजामिन ब्रिटनने ‘वॉर रिक्वियम’ रचलं आणि ३० मे १९६२ रोजी त्याचा पहिला प्रयोग झाला. वाजवणारा मोठा ऑर्केस्ट्रा बर्मिंगहॅमचाच होता. पहिल्याच विभागात घंटा वाजते आणि गायकवृंद दोनच स्वरांवर अडकून राहतो: पांढरी एक आणि काळी तीन, म्हणजे पुन्हा सा आणि तीव्र मध्यम. घंटा, तेच अंतर, संथ लय, विषय युद्ध आणि मृत्यू. आठ वर्षांनी त्याच परिसरातली चार पोरं घंटेपासून सुरुवात करतात, त्याच अंतरावर उभी राहतात आणि त्याच वर्षी युद्ध लादणाऱ्यांविरुद्ध ‘वॉर पिग्ज’ही गातात. त्यांनी ब्रिटन ऐकला होता असं मी म्हणत नाही. एकाच जमिनीत गाडलेल्या गोष्टीने दोन वेगळ्या घरांत डोकं वर काढलं, असं मी म्हणतो. फरकही मोठा आहे. ब्रिटन त्या अडकलेल्या स्वरांना अखेरीस हळुवारपणे एफ मेजरमध्ये सोडवतो. सबाथ सोडवत नाही. ब्रिटनच्या हाती रिक्वियमची शतकांची चौकट होती आणि कॅथीड्रलचं छत होतं. या पोरांकडे ते नव्हतं.

मेटलच्या रिफला, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणाऱ्या वाक्याला, हिणवणारे म्हणतात, तेच तेच वाजवतात. पण तेच तेच वाजवणं ही पाश्चात्त्य संगीतातली फार जुनी आणि फार मोठी विद्या आहे. पर्सेलच्या डायडोचा विलाप पाच मापांच्या उतरत्या खर्ज-ओळीवर उभा आहे. ती ओळ अखेरपर्यंत बदलत नाही आणि वरचं गाणं तिच्या कडांवरून सांडत राहतं. बाखच्या सी मायनर पासाकालियात पायाने वाजवायची आठ मापांची ओळ, तिच्यावर वीस रूपं, आणि त्यावर फ्यूग. ब्राम्सने १८८५मध्ये चौथ्या सिम्फनीचा शेवट याच पद्धतीने बांधला. शोस्ताकोविचच्या १९४३च्या आठव्या सिम्फनीत तर दोन्ही गोष्टी लागोपाठ आहेत: तिसऱ्या भागात व्हायोलांची न थांबणारी एकसारखी रेटणी, आणि तिच्या कडेलोटातून मध्ये न थांबता सुरू होणारी संथ पासाकालिया. मेटल ऐकणाऱ्या कोणत्याही तरुणाला मी सिम्फनीची ओळख मोझार्टपासून करून देत नाही, इथपासून देतो. आजवर एकही तरुण उठून गेलेला नाही.

गिरगावात एका स्नेह्याकडे आमच्या श्रवणबैठका होत असत. तिथे एकदा अमीर खाँसाहेबांच्या मारवा-दरबारीच्या एलपीनंतर कोणीतरी ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ लावली. बैठकीत एक वयस्क गृहस्थ होते, किराणा घराण्याची रीतसर तालीम घेतलेले. सगळ्यांना वाटलं, ते उठून जातील. ते बसले, शेवटच्या गाण्यापर्यंत बसले, आणि म्हणाले, “घाई नाही हो यांना.” माझ्या दृष्टीने मेटलवरचं मराठीतलं सर्वांत अचूक समीक्षण हेच. खाँसाहेब मारव्यात षड्जावर येणं किती वेळ लांबवतात, मंद्रातल्या धैवत-निषादावर किती रेंगाळतात. झुमरा तालाचं आवर्तन इतकं संथ की ठेका मोजायचा सोडून माणूस स्वरात राहायला लागतो. अब्दुल वहीद खाँनी विलंबित आणखी विलंबित केलं, तो धागा अमीर खाँनी उचलला. वेळ ताणला की एकेका स्वराला वजन येतं, हे त्यांनी सिद्ध केलं.

मेटलमध्ये हा धागा डूम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाखेने जपला आणि मी तिचीच बाजू सतत लावून धरली आहे. स्टॉकहोमच्या कँडलमासने १९८६च्या पहिल्या अल्बममध्ये सबाथची संथ लय घेऊन तिच्यावर ऑपेराच्या धाटणीचा आवाज ठेवला. पुढल्याच वर्षी त्यांनी शोपँचं शवयात्रेचं कूच गिटारवर वाजवलं. यॉर्कशरच्या माय डाइंग ब्राइडने १९९३च्या ‘टर्न लूज द स्वान्स’मध्ये व्हायोलिन असं मिसळलं की ते पाहुणं वाटतच नाही. फिनलंडच्या स्केप्टिसिझमने १९९५मध्ये ऑर्गनच्या सुरावर इतकी संथ गाणी बांधली की ऐकताना बाखच्या पासाकालियातले पायाचे स्वर आठवावेत. कॅलिफोर्नियाच्या स्लीपने तासाभराहून लांब असं एकच गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्यांच्या कंपनीने ते तसं काढायला नकार दिला आणि ‘डोपस्मोकर’ नावाने ते पूर्ण रूपात २००३मध्ये बाहेर आलं. तासभर एकच राग ऐकणाऱ्या आपल्या श्रोत्याला यात नवल वाटायचं कारण नाही. तरीही आपल्याकडे मेटलवर लिहिताना डूमला परिच्छेदही मिळत नाही. ऐंशीच्या दशकातल्या केसांच्या फुगाऱ्यांवर पानं भरतात.

एका बाबतीत मेटल अभिजात संगीतापुढे उणं आहे आणि ते मी लपवणार नाही. हळू वाजवणं ते विसरत चाललं आहे. मी लय म्हणत नाही, आवाज म्हणतो. सबाथच्या पहिल्या गाण्यातली ती माघार आठवा. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ध्वनिमुद्रणाची तऱ्हा अशी बदलली की सगळंच सारख्या जोरात दाबून छापतात. मेटालिकाचा २००८चा ‘डेथ मॅग्नेटिक’ इतका दाबला गेला की गिटार हीरो या व्हिडिओ गेममध्ये दिलेली त्याच गाण्यांची आवृत्ती चाहत्यांना अधिक मोकळी वाटली. ढोलाचा प्रत्येक आघात संगणकाच्या जाळीवर सरळ रेषेत बसवतात, आघाताचा मूळ आवाज काढून साठवलेला आवाज चिकटवतात. बिल वॉर्डचा जीव त्या किंचित मागेपुढे पडण्यात होता. शोस्ताकोविच वाजवणारा ऑर्केस्ट्रा आजही कुजबुजीपासून गडगडाटापर्यंत जातो. मेटलने ती वाट सोडली आणि त्याचं त्यालाच नुकसान झालं.

त्यात आपल्याकडे लांब आणि संथ ऐकण्याची सोयच उरली नाही. मुंबईत धोबीतलावजवळच्या रंगभवनात खुल्या आभाळाखाली बँड ऐकत आम्ही उभे राहायचो. इंडिपेंडन्स रॉक महोत्सवाच्या संध्याकाळी तिथे पावसातही कोणी जागा सोडत नसे. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा, पहाटेचे राग पहाटेच कानी पडायचे. मग ध्वनिक्षेपकाचे रात्री दहानंतरचे नियम आणि शांतता क्षेत्रं आली. रंगभवन बंद पडलं आणि सवाईची रात्रही आटली. काळ्या घोड्याजवळचं ऱ्हिदम हाउस हे ध्वनिमुद्रिकांचं दुकान २०१६मध्ये मिटलं, जिथे एका मांडणीवर मल्लिकार्जुन मन्सूर आणि जवळच्या मांडणीवर सबाथ मिळायचे. आता महोत्सवांत थोर गायकालाही पाऊण तास देतात आणि तो बिचारा दोन आवर्तनांत विलंबित गुंडाळून तराण्यावर येतो. बँडला अर्धा तास मिळतो आणि तो आपली सर्वांत वेगवान गाणी वाजवतो. दोघांचंही कापलं जातं ते हेच, संथ काम.

आयोजकांशी मी यावर अनेकदा भांडलो आहे. ते नियमांकडे बोट दाखवतात. पण २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांतली रात्रीची बंदी बंदिस्त सभागृहांना नाही. मुंबईत आणि पुण्यात अशी सभागृहं आहेत. त्यांपैकी एखाद्यात एका शनिवारी रात्री नऊला दार लावावं. आधी विलंबित मारव्याच्या जोडीला ‘वॉर रिक्वियम’चा पहिला विभाग ध्वनिमुद्रणावरून ऐकवावा, मध्यरात्री एखाद्या इथल्या डूम बँडला दीड तास द्यावा, आणि पहाटे एखाद्या तरुण गायकाला ललत मांडायला घड्याळ न दाखवता बसवावं. कार्यक्रमाचा असा आराखडा मी तीन वेगवेगळ्या संस्थांकडे दिला आहे. चौथी संस्था पुढे आली तर तिकिटं खपवायची जबाबदारी मी घेतो.