पेढी, पदवी आणि विद्याविहारचे तरुण विद्यापीठ

कार्तिक शुद्ध पंचमीला व्यापारी जैन कुटुंबांत दोन नावे आहेत. दिवाळीनंतर दुकानाचा मुहूर्त करणाऱ्यांसाठी ती लाभपंचमी; ग्रंथांची पूजा करून वासक्षेप वाहणाऱ्यांसाठी ती ज्ञानपंचमी. वही आणि विद्या यांचे पूजन एकाच तिथीला करणाऱ्या या समाजात मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली की एक प्रश्न मात्र हमखास उभा राहतो : आता पेढी की पुढील शिक्षण? घाटकोपर-मुलुंड भागातील कुटुंबांपुढे या प्रश्नाच्या उत्तराचा एक नवा पर्याय घराजवळच आला आहे. तो म्हणजे 2019 मध्ये महाराष्ट्र शासनाच्या कायद्यान्वये स्थापन झालेले सोमैया विद्याविहार विद्यापीठ.

विद्यापीठ तरुण असले तरी त्याची भूमी जुनी आहे. कुर्ला आणि घाटकोपर यांच्या मधल्या या परिसरात शैक्षणिक कार्याचा आरंभ 1959 मध्ये झाला. संस्थापक करमशीभाई सोमैया हे साखरेच्या व्यापारातून कारखानदारीकडे वळलेले कच्छी उद्योजक. 1939 मध्ये त्यांनी गोदावरी शुगर मिल्सची स्थापना केली. व्यापारातील मिळकतीचा मोठा वाटा त्यांनी शिक्षणाकडे वळविला. कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालयांनंतर 1981 मध्ये व्यवस्थापन संस्था आणि 1983 मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. अलीकडे अभिकल्प, संगीत व प्रयोगकला यांच्या शाळाही त्यांत आल्या आहेत. नवउद्योजकांना पाठबळ देणारे 'रिडल' हे केंद्रही याच आवारात आहे.

महाविद्यालय आणि विद्यापीठ यांतील फरक पालकांनी नीट समजून घेण्याजोगा आहे. संलग्न महाविद्यालय अभ्यासक्रम व परीक्षा यांसाठी मूळ विद्यापीठावर अवलंबून असते. स्वतंत्र विद्यापीठ अभ्यासक्रम आखते, परीक्षा घेते आणि पदवीही स्वतःच्या नावाने देते. पदव्युत्तर वर्ग आणि पीएच.डी. यांची जबाबदारीही त्याचीच. मुंबई विद्यापीठाची स्थापना 1857 मध्ये झाली, पण प्रारंभीची अनेक दशके ते मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था होते. समाजशास्त्राचा पदव्युत्तर विभाग तेथे 1919 मध्ये उघडला. विद्याविहारला एवढी प्रतीक्षा करावी लागली नाही, कारण अध्यापनाची परंपरा तेथे विद्यापीठाच्या आधीपासूनच होती.

पेढी की शिक्षण, या पेचावर नव्या शैक्षणिक धोरणानेही काही तोड काढली आहे. चार वर्षांची पदवी पूर्ण करणाऱ्यास पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात घेता येईल, अशी त्यात तरतूद आहे. शिवाय 2021 पासून श्रेयांकांची एक राष्ट्रीय बँक अस्तित्वात आली आहे. विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक तिच्यात जमा होतात आणि कमाल सात वर्षांपर्यंत वापरता येतात. वडिलांची प्रकृती बिघडली, दुकान सांभाळणे भाग पडले, तरी आजवरचे शिक्षण बुडीत खात्यात जात नाही. परिस्थिती सावरल्यावर ठेव पुन्हा वापरात आणता येते. मात्र मुदत संपण्यापूर्वी परतणे आवश्यक आहे.

व्यवहारी माणसाने दुसरी बाजूही तपासावी. हे विद्यापीठ स्वयंअर्थसहाय्यित आहे. त्यामुळे खर्चाचा मोठा भार शुल्कावर पडतो. प्रवेश घेण्यापूर्वी केवळ इमारत पाहून निर्णय करू नये. इच्छित विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक किती, संशोधनाचे मार्गदर्शक कोण, ग्रंथालय कसे आहे आणि शिष्यवृत्ती कोणाला मिळते, हे विचारावे. कर्ज काढायचे असल्यास पहिल्या वर्षाच्या शुल्कावर न थांबता संपूर्ण अभ्यासक्रमाच्या खर्चाचा हिशेब मांडावा. इमारत हे भांडवल दृष्टीस पडते. अध्यापक हे भांडवल दिसत नाही, पण विद्यापीठाची पत त्याच्यावरच ठरते.

जैन समाजासाठी या आवाराचे आणखी एक महत्त्व आहे. जैन अध्ययनाचे स्वतंत्र केंद्र येथे विद्यापीठ होण्यापूर्वीपासून कार्यरत होते. आता धर्म-अध्ययन संस्थेत हिंदू व बौद्ध परंपरांच्या बरोबरीने जैन परंपरेचे अध्ययन होते. व्यवस्थापन आणि अभियांत्रिकी यांना विद्यार्थी आपोआप मिळतात. प्राकृत भाषा, आगमसाहित्य, हस्तलिखिते यांचे तसे नाही. या विषयांतून मोठ्या पगाराची हमी नसते आणि शुल्काच्या बळावर असे वर्ग फार काळ चालत नाहीत. ज्यांच्या पूर्वजांनी ग्रंथभांडारे जपली, त्यांच्याच मुलांना ते ग्रंथ वाचता येणार नसतील, तर ते भांडार केवळ कुलूपबंद ठेव ठरेल.

येथे समाजाने आपलाच इतिहास आठवावा. 1864 मध्ये मुंबई विद्यापीठ अवघे सात वर्षांचे असताना जैन व्यापारी शेठ प्रेमचंद रायचंद यांनी त्याच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मातोश्रींच्या नावाचा तो राजाबाई टॉवर 1878 मध्ये पूर्ण झाला. पुढे 1915 मध्ये आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने श्री महावीर जैन विद्यालय उभे राहिले आणि बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना मुंबईत राहून उच्च शिक्षण घेण्याची सोय झाली. एका पिढीने ग्रंथालय दिले, दुसरीने वसतिगृह दिले.

आजच्या पिढीच्या वाट्याला आलेले काम तुलनेने लहान आहे. एका संशोधक विद्यार्थ्याचा किमान तीन वर्षांचा निर्वाहखर्च एखाद्या संघाने किंवा चार-पाच कुटुंबांनी मिळून उचलणे अशक्य नाही. पर्युषणातील बोलीच्या रकमांमध्ये ज्ञानखाते असतेच. त्याचा विनियोग कसा करावा, याविषयी साधुभगवंतांचे मार्गदर्शन घेऊन, शास्त्रमर्यादा पाळून पावले टाकता येतील. आणि जिथे ती मर्यादा आड येईल, तिथे स्वतंत्र शिष्यवृत्ती निधी उभारता येईल. पुढील शैक्षणिक वर्षाचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी प्रत्येक संघाच्या बैठकीत हा विषय एकदा तरी चर्चेला यावा.