मागितले एक, आले अनेक



संगणक हा माझा धंदा नव्हे. माझे शिक्षण शाळेपेक्षा युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयातच अधिक झाले. परंतु एक प्रसंग असा घडला की, या विषयाच्या मागे लागणे मला भाग पडले.

भायखळ्याच्या आमच्या कचेरीत एका जुन्या संगणकावर डेबियन ही मोफत प्रणाली घातली होती. त्यावर मराठी परिपत्रक उघडले, तर अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी! एका तरुण कार्यकर्त्याने ‘फॉन्ट्स-देवा’ नावाचे एकच पॅकेज मागवले. पडद्यावर यादी आली: लोहित, गार्गी, नकुल, सहदेव आणि आणखी काही. खाली प्रश्न, पुढे जायचे का? मी म्हटले, “अरे, आपण मागितले एक; हे पांडव कोणी बोलावले?” तो म्हणाला, “काका, त्या एकानेच.”

त्या उत्तराचा अर्थ आज मला सांगायचा आहे.

पॅकेज म्हणजे एक पेटी. आत प्रोग्रॅमचा माल आणि वर एक चिठ्ठी. चिठ्ठीवर पेटीचे नाव, तिची आवृत्ती, तिला आणखी कोणत्या पेट्या लागतात आणि कोणाशी तिचे जमत नाही, हे लिहिलेले असते. ‘फॉन्ट्स-देवा’च्या पेटीत स्वतःचा एकही फॉन्ट नाही. तिची सारी किंमत त्या चिठ्ठीत आहे. देवनागरीचे फॉन्ट कोणते आणावेत, एवढेच ती सांगते.

असे परावलंबन का ठेवावे? गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. विणणारा स्वतः सूत काढीत नसे. पिंजणे, कातणे, सुताला खळ देणे ही कामे निरनिराळ्या खात्यांची असत. प्रोग्रॅमचेही तसेच. मजकूर दाबून लहान करणे किंवा अक्षर पडद्यावर उमटवणे ही कामे प्रत्येकाने नव्याने न लिहिता एकाने लिहावीत आणि सर्वांनी वापरावीत, हा व्यवहार.

आता यंत्र काय करते ते पाहू. डेबियनमध्ये हे काम दोघे मिळून करतात. ‘ॲप्ट’ हा मुकादम, तर ‘डीपीकेजी’ हा पेटी फोडून माल लावणारा कामगार. मुकादम आधी भांडारातून सर्व चिठ्ठ्यांची सूची आणतो. २०२३ साली निघालेल्या डेबियन १२ मध्ये चौसष्ट हजारांहून अधिक पेट्या होत्या. तो आपल्या पेटीची चिठ्ठी वाचतो, मग तिला लागणाऱ्यांच्या चिठ्ठ्या, मग त्यांना लागणाऱ्यांच्या. नवे नाव निघेनासे झाले की थांबतो. जे आधीच बसलेले आहे ते वगळतो. उरलेले मागवतो, माल वाटेत बदलला नाही ना हे तपासतो आणि क्रम लावतो. आधी आधार, मग आधारावर उभा राहणारा. मागाहून आलेल्यांवर ‘हे मागितलेले नव्हते’ अशी खूणही तो करून ठेवतो. त्यामुळे मूळ पेटी काढली की निराधार उरलेल्या पेट्या ओळखता येतात.

अडचण भांडणाच्या वेळी येते. एकाला एखाद्या पेटीची पहिली आवृत्ती हवी, दुसऱ्याला दुसरी, आणि जागा एकच. जावास्क्रिप्टवाल्यांच्या ‘एनपीएम’मध्ये प्रत्येकाला स्वतंत्र प्रत देऊन भांडण मिटवता येते, घर मात्र भरून जाते. डेबियनमध्ये सहसा सर्वांना चालेल अशी जुळणी शोधावी लागते. ‘हे किंवा ते’ अशा अटी वाढल्या की ही जुळणी फार अवघड होते. प्रत्येक वेळी झटपट उत्तर देईल अशी कोणतीही रीत आजवर सापडलेली नाही.

पण मला खरी काळजी दुसरीच आहे. मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने नावाच्या वादातून आपली पॅकेजे एनपीएमवरून काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ हा अकरा ओळींचा तुकडा होता. तेवढ्याने जगभर असंख्य प्रोग्रॅमांची जुळणी अडली आणि काही तासांत तो तुकडा परत ठेवावा लागला. खाते लहान म्हणून त्याचे महत्त्व लहान नसते.

मार्च २०२४ मध्ये तर याहून गंभीर प्रकार उघडकीस आला. ‘एक्सझेड’ या मजकूर दाबणाऱ्या पेटीत कोणी चोरदरवाजा बसवला होता. दूरच्या संगणकात शिरण्याच्या ‘एसएसएच’ला ती पेटी थेट लागतही नव्हती. पण डेबियनसारख्या प्रणालींत त्याला ‘सिस्टिमडी’ची एक पेटी जोडलेली होती आणि तिला एक्सझेड लागत होती. साखळीची तिसरी कडी! आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला प्रवेशास अर्धा सेकंद उशीर होतो हे खटकले, म्हणून ते सापडले. एक्सझेड सांभाळणारे लासे कोलिन जवळजवळ एकटेच होते. हे बिनपगारी, हौसेचे काम आहे आणि आपले मनःस्वास्थ्य ठीक नाही, असे त्यांनी २०२२ सालीच जाहीर कळवले होते. मदतनीस म्हणून पुढे आलेल्यानेच घात केला.

युनियनचा माणूस म्हणून मला यात जुनीच गोष्ट दिसते. लाखो संगणकांचा भार एका थकलेल्या माणसाच्या खांद्यावर होता आणि भार टाकणाऱ्यांना त्याचे नावही ठाऊक नव्हते. यंत्राचा यात दोष नाही. चिठ्ठीत लिहिलेले ते चोख वाचते. कोणाला काय लागते हे त्याला कळते. कोणावर किती पडते हे कळत नाही.

डेबियनच्या प्रत्येक चिठ्ठीवर पेटी सांभाळणाऱ्याचे नाव लिहिण्याचीही एक ओळ असते. जुळणी करताना मुकादमाला तिचा उपयोग नसतो. ती ओळ वाचण्याचे काम आपले आहे.