कर्नल ॲलन्सवर्थ यांचे गाव

कॅलिफोर्नियाच्या मध्यवर्ती खोऱ्यात, टुलारी परगण्याच्या सपाट व खारवट मुलुखात, सांता फे रेल्वेच्या मार्गावर सोलिटो नावाचे एक किरकोळ स्थानक होते. तेथील जमीन पॅसिफिक फार्मिंग कंपनीकडून खरेदी करून 1908 साली कृष्णवर्णीय अमेरिकनांनी स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या कारभाराखाली जे शेतकऱ्यांचे गाव वसवले, त्याला आपल्या पुढाऱ्याचे, म्हणजे कर्नल ॲलन ॲलन्सवर्थ यांचे, नाव दिले. या खोऱ्यात रेल्वेच्या अंमलदारांची किंवा त्यांच्या सोयऱ्यांची नावे गावांना चिकटवण्याचा प्रघात होता. ट्रेसी आणि लॅथ्रॉप ही त्याचीच उदाहरणे. त्या मानाने हे नाव कमावलेले होते. 1842 साली केंटकीत गुलाम म्हणून जन्मलेला आणि अक्षरे गिरवण्याच्या अपराधापायी दूरदेशी विकला गेलेला हा मुलगा यादवी युद्धाच्या धामधुमीत निसटला, आरमारात शिरला, पुढे धर्मोपदेशक झाला आणि चोविसाव्या पायदळ पलटणीचा पाद्री म्हणून चाकरी करून 1906 साली लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यावर निवृत्त झाला. तोवर नियमित सैन्यात हा हुद्दा कोणाही कृष्णवर्णीयास लाभला नव्हता.

अक्षरांसाठी असा दंड भोगलेल्या माणसाच्या गावात 1912 साली शाळेची इमारत उभी राहावी आणि पुढच्याच वर्षी पत्नी जोसेफीन यांनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ वाचनालय बांधून द्यावे, हे यथोचितच होय. लाकडी फळ्यांच्या त्या चिमुकल्या वास्तूत कर्नलसाहेबांचा खासगी ग्रंथसंग्रह ठेवला गेला. रस्त्यांनाही सोजर्नर ट्रूथ, कवी डनबार अशा नामवंत कृष्णवर्णीयांची नावे मिळाली. भोवती धान्य, बीट व लसूणघास पिकत होता.

मात्र पाणी कंपनीच्या हाती होते आणि मुबलक पाण्याचा जो करार तिने केला होता, तो तिने पाळला नाही. 1914 साली रेल्वेने अल्पॉ गावाकडे फाटा काढताच मालाची वर्दळ तिकडे वळली. त्याच सप्टेंबरात मोनरोव्हिया येथे मोटारसायकलच्या धडकेने कर्नलसाहेबांचा अंत झाला. आणि ॲलन्सवर्थ गावी उद्योगशिक्षणाची सरकारी संस्था काढण्याची तजवीज 1915 साली विधिमंडळाने फेटाळली. वसाहत उजाड झाली याचा दोष शेतकऱ्यांच्या माथी मारणे, आमच्या मते, शुद्ध अन्याय आहे. त्यांना कबूल केलेले पाणी कधी पुरते मिळालेच नाही.

1974 साली राज्य सरकारने जुन्या गावठाणाचे ऐतिहासिक उद्यान केले. शाळा, वाचनालय आणि कर्नलसाहेबांचे घर तेथे आजही पाहावयास मिळते.